अडनिडा कोन: कॅमेऱ्याला डोळ्यापासून सुटायला किती वर्षं लागली?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेल्या पुनरुक्ती काढल्या आहेत, बाकी मजकूर बोलल्यासारखाच ठेवला आहे.)

आजचा भाग एका प्रश्नावरून सुचला. मलकापूरच्या एका श्रोत्यांनी विचारलंय. मलकापूर म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातलं, शाहूवाडी तालुक्यातलं. बुलढाण्याचं नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर दोन्हीकडचे लोक गोंधळतात. हे गृहस्थ सुट्टीच्या दिवशी आसपासच्या गावांत फिरून वीरगळांचे फोटो काढतात. वय पन्नाशीच्या पुढे. ते म्हणतात, दगड जमिनीलगत, त्यावरचं कोरीवकाम त्याहून खाली, आणि माझे गुडघे आता वाकत नाहीत. जमिनीला टेकवून, भिंतीच्या फटीत घालून किंवा डोक्यावर धरून फोटो काढायचा असेल तर कोणता डिजिटल कॅमेरा घ्यावा?

एका वाक्यात उत्तर द्यायचं तर, कॅमेऱ्याच्या नावाआधी त्याच्या पडद्याची बिजागरी बघा. पण असं का, ते कळायला थोडं मागे जावं लागतं. कॅमेऱ्यात बघायचं कुठून, हा प्रश्न कॅमेऱ्याइतकाच जुना आहे आणि त्याचा एक धागा थेट कोल्हापुरातून जातो.

मलकापूर आणि जमिनीलगतचा इतिहास

आधी जागा समजून घेऊ. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटाच्या अलीकडे मलकापूर लागतं. एका बाजूला पन्हाळा, दुसऱ्या बाजूला विशाळगड, आणि मधे १६६० सालच्या जुलैमधली ती प्रसिद्ध पावसाळी वाट. १८४४ साली कोल्हापूर भागात गडकऱ्यांचं बंड झालं, त्यानंतर इंग्रजांनी विशाळगडाची तटबंदी पाडली आणि विशाळगडच्या प्रतिनिधींचं ठाणं मलकापुरात आलं. हा झाला पुस्तकातला इतिहास.

पुस्तकाबाहेरचा इतिहास देवळांच्या आवारात उभा असतो. शिलाहार आणि यादव यांच्या काळातले वीरगळ कोल्हापूर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत सापडतात. वीरगळाची मांडणी साधारण ठरलेली असते, आणि तो वाचायचा खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई किंवा वीराचं मरण. पुष्कळदा तिथे गाईगुरं दिसतात, म्हणजे गुरं पळवणाऱ्यांशी लढताना माणूस पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर कलश.

आता बघा गंमत. वरची पूजा जवळजवळ सगळ्या दगडांवर सारखीच असते. हा माणूस कोण होता, तो का मेला, त्याच्या हातात तलवार होती की धनुष्य, समोर घोडेस्वार होता की पायदळ, हे सांगणारी चौकट सगळ्यात खाली असते. म्हणजे जी माहिती सर्वांत मोलाची, ती मातीच्या सर्वांत जवळ. कधी अर्धी गाडलेली, कधी गवतात, कधी पायरीच्या मागे.

आपण उभे राहून कॅमेरा खाली झुकवला तर काय होतं? दगडाचा माथा लेन्सच्या जवळ येतो, पाया लांब जातो. फोटोत दगड खाली निमुळता दिसतो आणि लढाईची चौकट चेपली जाते. नेमकी हवी ती गोष्ट सर्वांत लहान आणि सर्वांत वाकडी. दगड सरळ दिसायला हवा असेल तर कॅमेरा दगडाला समांतर धरावा लागतो, आणि खालच्या चौकटीसाठी तो जमिनीपासून वीतभर उंचीवर न्यावा लागतो. म्हणजे इथे अडनिडा कोन फोटोचा नाहीच, फोटो सरळच हवाय. अडनिडी अवस्था होते ती माणसाची!

यात घाई का आहे, तेही सांगतो. देवळांचे जीर्णोद्धार चाललेत. हौसेनं आणि भक्तीनंच चाललेत. पण त्यात वीरगळ ओट्यात सिमेंटनं बसवले जातात, खालची चौकट सिमेंटखाली जाते. कुठे त्यावर ऑइलपेंट चढतो. हे एकदा झालं की आधी काढलेला फोटो हाच पुरावा उरतो. तो फोटो चेपलेला असेल तर पुरावाही चेपलेलाच.

कोल्हापुरात घडलेला कॅमेरा

आता जुन्या काळात जाऊ. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजे आपले बाबूराव पेंटर, जन्म १८९०, कोल्हापूर. घराणं कारागिरांचं. ते आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, आणि त्यात त्यांचं मोठं नाव होतं. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघांना चित्रपटाचं वेड लागलं. विलायती कॅमेरा घेण्याइतका पैसा नव्हता. मग त्यांनी तो घडवायचाच ठरवला. प्रोजेक्टरच्या यंत्राशी त्यांची ओळख होती. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही यंत्रं म्हणून भावंडंच. एकात उजेड आतून बाहेर जातो, दुसऱ्यात बाहेरून आत येतो. फिल्म मात्र दोन्हीकडे थांबत-थांबत, एकेक चौकट पुढे सरकते.

१९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामल्यांच्या मदतीनं १९१८ च्या सुमारास कॅमेरा उभा राहिला. महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. दामले, फत्तेलाल, शांताराम ही सगळी मंडळी याच कंपनीत तयार झाली.

त्या काळच्या हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यांची एक अडचण आजच्या विषयाशी जोडलेली आहे. चित्रण चालू असताना लेन्स काय बघतेय ते कॅमेरामनला सरळ दिसायचं नाही. आधी दुधी काचेवर किंवा फिल्मवरच पडलेलं चित्र बघून चौकट ठरवायची, मग ते दार बंद करायचं आणि दांडा फिरवायला लागायचं. चित्रण चालू असताना आधार काय, तर बाजूला लावलेला छोटा फाइंडर. तो लेन्सपासून चार बोटं बाजूला. म्हणजे तो जे दाखवतो आणि लेन्स जे टिपते त्यात फरक. लांबच्या दृश्यात हा फरक कळत नाही, जवळच्या दृश्यात नटाचं डोकं कापलं जातं. याला पॅरलॅक्स म्हणतात. एक डोळा मिटून बोट नाकासमोर धरा, मग दुसरा डोळा मिटा. बोट सरकल्यासारखं दिसतं ना? तेच.

याचा परिणाम असा की कॅमेरा तिकाटण्यावर, उभ्या माणसाच्या किंवा बसलेल्या प्रेक्षकाच्या उंचीवर ठेवणं सोयीचं पडायचं. जमिनीवर किंवा छताला लावला तर डोळा कुठे ठेवणार? सुरुवातीचे मूकपट नाटकाच्या पहिल्या रांगेतून बघितल्यासारखे वाटतात. त्यामागे नाटकाची सवय आहे, पण यंत्राची ही मर्यादाही आहे.

चित्रण चालू असताना लेन्समधूनच बघता येईल असा आरशाचा चित्रपट कॅमेरा, ॲरिफ्लेक्स ३५, जर्मनीत १९३७ साली आला. तोवर आपल्या मंडळींनी असलेल्या साधनांतच कोन शोधले होते. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली आणि १९३३ साली ती पुण्याला गेली. १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये शांतारामबापूंनी दूरच्या वस्तू जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स लावून राजगुरूचा एकटा डोळा अख्ख्या पडद्यावर आणला. चित्रपटाच्या इतिहासात हे दृश्य आजही सांगितलं जातं. चेहऱ्याच्या इतक्या जवळ कॅमेरा नेणं अडचणीचं होतं, म्हणून लांबून लेन्सनं काम केलं. ही युक्ती लक्षात ठेवा, मलकापूरच्या सापांच्या वेळी ती परत लागणार आहे.

पोटाशी धरलेला कॅमेरा

साध्या फोटोच्या कॅमेऱ्याची गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. १९२९ मध्येच जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात फ्रांके आणि हायडेके यांच्या कारखान्यातून रोलायफ्लेक्स बाहेर पडला. दोन लेन्स, एकावर एक. खालची फोटो काढते, वरची फक्त बघायला. वरच्या लेन्समागे तिरपा आरसा, आणि चित्र वरच्या दुधी काचेवर पडतं. फोटोग्राफर मान खाली घालून त्या काचेत बघतो. कॅमेरा पोटाशी.

आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंत असे कॅमेरे खूप होते, पुढे जपानी यशिकाही आले. ज्यांचे आई-वडील अशा स्टुडिओत जाऊन फोटो काढून आलेत त्यांना आठवत असेल, फोटोग्राफर आपल्याकडे बघतच नाही, आपल्या पोटाकडे बघतो.

अडनिड्या कोनांसाठी हा कॅमेरा वरदान होता. जमिनीवर ठेवा, वरून काचेत बघा, झोपायची गरज नाही. गर्दीत असाल तर कॅमेरा उलटा करून दोन्ही हातांनी डोक्यावर धरा आणि मान वर करून काचेत बघा. वृत्तपत्रांचे फोटोग्राफर सभांमध्ये, मिरवणुकांमध्ये हे सर्रास करायचे. काचेभोवती पत्र्याचा उघडझाप होणारा डबा असायचा, त्यामुळे उन्हातही चित्र दिसायचं. एकच त्रास. चित्र डावं-उजवं उलटं. माणूस डावीकडे गेला की काचेत तो उजवीकडे जातो. हाताला सवय होईपर्यंत घाम फुटतो.

याच काळात सोव्हिएत रशियात अलेक्सांद्र रोडचेंको नावाचा कलावंत या पोटाच्या उंचीवरच वैतागला होता. त्याचं म्हणणं असं की सगळे लोक बेंबीच्या पातळीवरून फोटो काढतात, म्हणून सगळे फोटो सारखे. १९२८ च्या सुमारास त्याच्या हाती लायका आला. मुठीत मावणारा, डोळ्याला लावायचा. मग त्यानं गच्चीवरून खाली आणि इमारतीच्या पायथ्यापासून वर असे फोटो काढले, आणि त्यावर तिथल्या नियतकालिकांत कडाक्याचे वाद झाले. त्याला कोन हवा होता तो बघणाऱ्याला हादरवायला. वीरगळवाल्याला कोन हवा आहे तो दगड सरळ दिसावा म्हणून. यंत्राकडून मागणी मात्र दोघांची एकच: डोळा इथे, लेन्स तिथे.

डोळा परत चिकटला

मग मधे एक विचित्र वळण येतं. १९३६ साली ड्रेस्डेनचा एक्झाक्टा आला. ३५ मिलिमीटर फिल्म, एकच लेन्स, आणि त्या लेन्समागेच आरसा. म्हणजे जे दिसतं तेच टिपलं जातं, पॅरलॅक्स संपला. यातही वरूनच बघायचं होतं. पण चित्र डावं-उजवं उलटं दिसायचा त्रास लोकांना नको होता. १९४९ साली ड्रेस्डेनमध्येच कॉन्टॅक्स एस बाजारात आला, त्याच्या डोक्यावर पाच कोनांचं काचेचं प्रिझम बसवलं होतं. त्यानं चित्र सुलटं केलं आणि थेट डोळ्यासमोर आणलं. एसएलआर कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा तो उंचवटा म्हणजे हेच पेंटाप्रिझम.

सगळ्यांची सोय झाली, फक्त खाली वाकणाऱ्यांची गैरसोय झाली. आता डोळा कॅमेऱ्याच्या पाठीला चिकटला. जमिनीवरचं फूल काढायचं तर जमिनीवर गाल टेकायचा. १९५९ च्या निकॉन एफचं प्रिझम काढून त्याजागी वरून बघायचा फाइंडर बसवता यायचा, आणि काटकोनात बघायची नळीही मिळायची. पण हे जादा खर्चाचं सामान होतं. पुढची चाळीस वर्षं बहुतेक हौशी फोटोग्राफरांनी पोटावर झोपूनच काम केलं.

१९९५: काचेच्या जागी पडदा

१९९५ साली कॅसिओनं क्यूव्ही-१० विकायला आणला. फोटो होता ३२० बाय २४० ठिपक्यांचा, आजच्या हिशेबानं हसण्यासारखा. पण दोन गोष्टी नव्या होत्या. पाठीवर १.८ इंचाचा रंगीत पडदा, आणि लेन्सचा तुकडा स्वतःभोवती फिरणारा. म्हणजे पडदा आपल्याकडे, लेन्स वर किंवा खाली. रोलायफ्लेक्सची सोय परत आली, ती विजेवर.

ही कल्पना निकॉननं पुढे नेली. कूलपिक्स ९०० (१९९८), ९५० (१९९९), ९९० (२०००), ४५०० (२००२). या कॅमेऱ्यांचं अंग मधोमध पिळता यायचं. अर्ध्या भागात लेन्स, अर्ध्या भागात पडदा. वर, ९५० पासून पुढे, दोन सेंटिमीटर इतक्या जवळ फोकस. किडे, फुलं, बुरशी यांचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये हे कॅमेरे फार लोकप्रिय झाले. काही जण तर ते दुर्बिणीला आणि सूक्ष्मदर्शकाला लावायचे. कॅननच्या पॉवरशॉट जी-१ नं (२०००) दुसरी पद्धत वापरली. लेन्स जागेवर, पडदा बाजूच्या बिजागरीवर दारासारखा उघडतो आणि फिरतो.

मग मोठ्या डिजिटल एसएलआरमध्ये हे लगेच का आलं नाही? कारण आरसा आडवा येतो. एसएलआरमध्ये फोटो काढायच्या क्षणापर्यंत सगळा उजेड आरशावरून वर प्रिझमकडे जातो. सेन्सरवर काही पडतच नाही, मग पडद्यावर दाखवणार काय? २००६ साली ऑलिंपसच्या ई-३३० नं यातून वाट काढली. फाइंडरच्या वाटेत एक जादा सेन्सर बसवला आणि मागे वर-खाली झुकणारा पडदा दिला. २००७ ला पॅनासॉनिक एल-१०, २००९ ला निकॉन डी-५०००, २०१० ला कॅनन ६०डी. आणि २००८ साली पॅनासॉनिक जी-१ नं आरसाच काढून टाकला. आज ज्याला मिररलेस म्हणतात त्याची ती सुरुवात, आणि त्याला पहिल्या दिवसापासून फिरता पडदा होता. आरसा गेल्यावर सेन्सर सतत उघडा, चित्र सतत पडद्यावर. १९४९ साली चिकटलेला डोळा असा साठ वर्षांनी सुटला.

बिजागरीचे प्रकार, वीरगळाच्या हिशेबानं

आता मूळ प्रश्नाकडे येतो. दुकानात सगळे पडदे 'फ्लिप स्क्रीन' म्हणूनच दाखवतात. पण त्यांचे तीन-चार प्रकार आहेत आणि फरक मोठा आहे.

पहिला प्रकार, फक्त वर-खाली झुकणारा. २०१० च्या सोनी नेक्स-५ सारखा. याचा फायदा असा की पडदा लेन्सच्या मागेच राहतो, नेम धरणं सोपं, चटकन उघडतो. रस्त्यावर, लग्नात, लहान मुलांचे फोटो काढायला उत्तम. पण कॅमेरा उभा धरला की याची बिजागरी निकामी होते, कारण पडदा आता बाजूला झुकतो, वर नाही. आणि वीरगळ कसा असतो? उभा. उभा दगड चौकटीत भरून बसवायचा तर कॅमेरा उभाच धरावा लागतो.

दुसरा प्रकार, बाजूच्या बिजागरीवर पूर्ण फिरणारा. कॅनन ६०डी, पॅनासॉनिक जी-१ आणि त्यानंतरचे पुष्कळ. कॅमेरा आडवा असो की उभा, पडदा आपल्याकडे वळवता येतो. तोटा असा की पडदा डावीकडे बाहेर येतो, त्यामुळे सुरुवातीला नेम चुकतो, आणि भिंतीला लागून काम करताना तो भिंतीवर आपटतो.

तिसरा प्रकार, खालच्या कडेला बिजागरी. २००९ चा डी-५००० असा होता. हातात धरला तर ठीक. तिकाटण्यावर किंवा वाळूच्या पिशवीवर ठेवला की पडदा उघडायला जागाच उरत नाही. निकॉननं २०११ च्या डी-५१०० मध्ये बिजागरी बाजूला नेली, यातच सगळं आलं.

चौथा प्रकार, दोन दिशांनी झुकणारा. फुजीफिल्म एक्स-टी२ (२०१६) मध्ये पडदा वर-खाली झुकतो आणि शिवाय एका बाजूलाही, म्हणजे उभ्या फोटोलाही चालतो, आणि लेन्सच्या मागेच राहतो. अलीकडच्या काही महाग कॅमेऱ्यांत झुकणं आणि फिरणं दोन्ही मिळतं.

तिकाटण्याचा मुद्दा एवढा महत्त्वाचा का? कारण झिजलेलं कोरीवकाम समोरच्या उजेडात दिसत नाही, ते तिरप्या उजेडात दिसतं. सकाळचं किंवा संध्याकाळचं ऊन बाजूनं आलं की प्रत्येक रेघेला सावली मिळते आणि पुसट घोडाही उभा राहतो. भर दुपारी किंवा ढगाळ दिवशी तोच दगड सपाट. मग काय करायचं? छत्रीनं दगडावर सावली करायची आणि एका हातातली बॅटरी बाजूनं, दगडाला जवळजवळ घासून धरायची. डावीकडून एक फोटो, उजवीकडून एक, वरून एक. म्हणजे एका हातात बॅटरी, दुसऱ्यात छत्री. कॅमेऱ्याला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं आणि तरीही आपल्याला वरून दिसावं लागतं. फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवायला विसरू नका. दगड किती मोठा, हे नंतर कुणालाच आठवत नाही.

उलट टोकाची गरजही याच जिल्ह्यात आहे. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातला स्वर्गमंडप. ४८ खांब, आणि वर मधोमध गोल मोकळं आभाळ. तो गोल सरळ टिपायचा तर कॅमेरा जमिनीवर पाठ टेकून, लेन्स आकाशाकडे करून ठेवावा लागतो. मग मागचा पडदा फरशीला टेकतो. इथे झुकणारा पडदा कामाचा नाही. बाजूला पूर्ण उघडणारा पडदा वर वळवून बघता येतो, पण वाकलात तर तुमचंच डोकं चौकटीत येतं. अशा वेळी कॅमेऱ्याचं वाय-फाय मोबाइलला जोडायचं आणि चार पावलं लांब उभं राहून मोबाइलवर बघायचं. मोबाइल हा आजचा सगळ्यात लांब जाणारा फाइंडर आहे. आणि याच देवळाच्या पायथ्याला हत्तींची रांग आहे, म्हणजे गजपीठ. एकाच जागी एक काम आभाळाकडे तोंड करून, दुसरं गुडघ्याखाली.

पाऊस, फुलं आणि फुरसं

श्रोत्यांनी फक्त वीरगळ विचारलेत, पण मलकापूरकडचा माणूस पावसाळ्यात आंबा घाटाकडे किंवा मसाई पठाराकडे कॅमेरा घेऊन गेला नाही असं होत नाही. तिथे सीतेची आसवं, दवबिंदू यांसारखी झाडं बोटभर उंचीची. पोटावर झोपून फोटो काढला तर एका फुलाच्या नादात अंगाखाली शंभर फुलं चिरडतात. उघड्या कातळावर उकिडवं बसायचं, हात लांब करायचा, पडदा वर वळवायचा. झाडं वाचतात आणि जळवांनाही अंगभर जागा मिळत नाही.

दुसरी गोष्ट गमतीची नाही. कातळाच्या फटीत फुरसं असतं, गवतात घोणस, झुडपात हिरवा चापडा. तिन्ही विषारी. डोळा फाइंडरला लावून पुढे सरकणाऱ्या माणसाला चौकटीबाहेरचं दिसत नाही, आणि त्याचा चेहरा व हात जमिनीलगत असतात. फिरता पडदा असेल तर डोकं वर राहतं, आजूबाजूला नजर राहते. साप दिसलाच तर कॅमेरा हातानं पुढे सारू नका. पडदा फिरतो म्हणून हात सुरक्षित होत नाही. तिथे 'अमृतमंथन'चीच युक्ती: लांबून, लांब पल्ल्याची लेन्स.

पावसासाठी वेगळा पर्याय आहे. ऑलिंपसची टफ मालिका, टीजी-४ (२०१५), टीजी-५, टीजी-६, आणि आता ओएम सिस्टीम नावानं आलेला टीजी-७ (२०२३). पाण्यात १५ मीटरपर्यंत चालतात, एक सेंटिमीटरवर फोकस होतो, आणि वेगवेगळ्या अंतरांवरचे फोकस जोडून एक फोटो तयार करायची सोय आहे. बेडकांसाठी, शेवाळासाठी छान. पण यांचा पडदा फिरत नाही. तिथे परत मोबाइललाच पडदा करावं लागतं.

आणि नुसता मोबाइल? चालतो, आणि अनेकदा पुरतो. मोबाइल उलटा धरा, म्हणजे लेन्सची बाजू खाली जाते आणि जमिनीपासून एका बोटावर येते. इतक्या खाली मोठा कॅमेरा जाऊच शकत नाही. मात्र मोबाइलची नेहमीची लेन्स रुंद असते. अगदी जवळ गेलात तर दगडाचा मधला भाग फुगतो. दोन पावलं मागे जाऊन, दुप्पट झूम करून काढा.

घेताना काय बघाल

नव्याचा हट्ट नको. वीरगळ हलत नाही, त्याला वेगवान फोकस लागत नाही. दहा वर्षांपूर्वीचा, बाजूच्या बिजागरीचा, चांगल्या स्थितीतला वापरलेला मिररलेस किंवा एसएलआर या कामाला पुरतो. एसएलआर घेतलात तर पडदा लावून बघताना फोकस जरा सावकाश होतो, दगडासाठी ते चालतं. पण वापरलेला घेताना ही तपासणी करा.

पडदा प्रत्येक दिशेला, शेवटपर्यंत, सावकाश फिरवून बघा. बिजागरीतून एक पातळ पट्टीसारखी केबल जाते आणि ती वर्षानुवर्षं मुडपून तुटते. फिरवताना पडदा लुकलुकला, रेघा आल्या किंवा काळा झाला तर तो कॅमेरा सोडा. बिजागरी सैल असेल आणि पडदा ठेवलेल्या कोनात राहत नसेल तरी सोडा.

पडदा भर उन्हात नेऊन बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच पडदे छान दिसतात. रोलायफ्लेक्सला पत्र्याचा आडोसा होता, आपल्या पडद्याला नाही. यावर उपाय म्हणून पॅनासॉनिक जीएक्स-७ सारख्या (२०१३) काही कॅमेऱ्यांत डोळ्याला लावायचा फाइंडरच वर वळतो. मान खाली घालून त्यात बघायचं, थेट जुन्या स्टुडिओवाल्यासारखं. उन्हात काम जास्त असेल तर हा पर्याय विचारात घ्या.

लेन्स उजेडाकडे धरून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसात ती लागायला वेळ लागत नाही. कॅमेरा घेतलात की चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल टाका, आणि जेलचा रंग बदलला की ते वाळवून परत वापरा.

सामानात एक बुटकं तिकाटणं किंवा वाळूची पिशवी, बॅटरी, छत्री, मोजपट्टी, आणि दगडावरची माती झाडायला मऊ ब्रश. तारेचा ब्रश नाही. खडूनं कोरीवकाम रंगवायचं नाही, पाणी-साबण लावायचं नाही. गाडलेली चौकट स्वतः उकरायचीही नाही.

तर मलकापूरच्या आपल्या श्रोत्यांना माझं उत्तर असं. बाजूच्या बिजागरीवर पूर्ण फिरणारा पडदा, मोबाइलला जोडता येणारा कॅमेरा, आणि ५० मिलिमीटरच्या आसपास दृश्य देणारी साधी लेन्स. कंपनी कुठलीही, तुम्हाला हातात घेऊन जी बरी वाटेल ती. उरलेल्या पैशांत पेट्रोल भरा आणि ज्या गावात देवळाचं काम निघणार असल्याची चर्चा आहे, तिथे आधी जा. फोटो काढला की त्याच दिवशी गावाचं नाव, देवळाचं नाव, दगड कुठल्या दिशेला तोंड करून उभा आहे, आणि खालच्या चौकटीत काय दिसलं, हे लिहून ठेवा.

पुढच्या भागात शिलालेखांचे कागदावर ठसे कसे घेतात, ते बघू.